‘कोणती पेशी आधी गेली, याने काय फरक पडतो?’ या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार. अल्झायमरमध्ये अखेरीस सगळाच मेंदू सुकतो, मग कोणती पेशी आधी गेली याचा कीस पाडून घरच्यांच्या हाती काय लागणार, असा माझ्या लेखावर आपला आक्षेप आहे. अमायलॉइड हे प्रथिन मेंदूत साचते तिथल्याच पेशी मरतात, हे माझे विधानही आपण खोडून काढले आहे. ते मला मान्य आहे आणि लेखातले वाक्य मी दुरुस्त केले आहे. पेशींचा ऱ्हास अमायलॉइडपेक्षा टाऊ या प्रथिनाच्या गुंत्यांशी अधिक जुळतो.

पहिला आक्षेप मात्र मला पटत नाही. मेंदू सुकतो, पण सगळीकडे सारखा सुकत नाही. मेंदूचे अभ्यासक हाइको आणि एव्हा ब्राक यांनी 1991 साली दाखवले की टाऊचे गुंते ठरावीक क्रमाने पसरतात आणि त्यांची सुरुवात नव्या आठवणी घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागाला लागून असलेल्या एंटोरायनल कॉर्टेक्सच्या (कॉर्टेक्स म्हणजे मेंदूचे बाहेरचे आवरण) परिसरात होते. 1996 मधल्या मोजणीत तर अगदी सौम्य लक्षणांच्या रुग्णांतही तिथल्या दुसऱ्या थरातल्या सुमारे 60 टक्के पेशी नाहीशा झालेल्या आढळल्या. याउलट हालचालींचे नियंत्रण करणारा कॉर्टेक्सचा भाग पुष्कळ काळ तग धरतो. एकाच थरातही, लांब तंतूंनी हिप्पोकॅम्पसपर्यंत संदेश नेणाऱ्या पेशी आधी खचतात आणि शेजारच्या, संदेशांना आवर घालणाऱ्या पेशी बऱ्याच अंशी टिकतात. टाऊ मुळात या तंतूंमधल्या वाहतुकीच्या मार्गांना आधार देते, हे लक्षात घेतले की पेशीची घडणच तिला नाजूक करते, हा विचार पटू लागतो.

आता घरच्यांविषयी. सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या शेजारी एक काका राहत. सारे आयुष्य त्यांनी यंत्रमागावर काढले होते. भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन ताट उचलले जात नाही तोच ते ‘जेवायला कधी वाढणार?’ असे विचारत. पण तुटलेला धागा हाती दिला, की न बघता दोन बोटांत गाठ मारून मोकळे होत. ‘गाठ बरी आठवते, जेवण तेवढे आठवत नाही, म्हातारा सोंग करतो,’ असे नातेवाईक म्हणत, आणि सुनेलाही तसेच वाटू लागले होते. नवी आठवण ज्या वाटेने आत शिरते ती वाट आधी बुजते, हाताची जुनी सवय मेंदूत दुसरीकडे जपलेली असते, हे मी तिला कागदावर आकृती काढून समजावले. त्यानंतर ‘आत्ताच तर जेवलात ना?’ असे दरडावणे तिने सोडले. काकांनी विचारले की ती वाटीभर ताक समोर ठेवी आणि शेजारी बसे.