'कोल्हापूरला असताना...'

आमच्या घरात माझं एखादं वाक्य 'कोल्हापूरला असताना' असं सुरू झालं की कन्या कानात हेडफोन घालते, चिरंजीव ताट उचलून टीव्हीसमोर जातात आणि बायकोला गॅसवर दूध ठेवल्याचं एकदम आठवतं. दूध ठेवलेलं नसतं.

मी कोल्हापूरला सगळी मिळून दोन वर्षं होतो. १९९४ ते १९९६, शिवाजी विद्यापीठात, एम.एस्सी.साठी. शिवाजी पेठेत एका काकूंच्या पोटमाळ्यावर राहायचो. त्या दोन वर्षांच्या भांडवलावर मी पुढची पंचवीस-तीस वर्षं गप्पा मारल्या. मिसळीबरोबर सहा वाट्या कट, तोही पाण्याच्या ग्लासला हात न लावता. सायकलवरून पन्हाळा, मध्ये एकदाही पाय न टेकता. पहाटे रंकाळ्याला पळत चक्कर, वर पेलाभर धारोष्ण दूध. आणि आमच्या काकू, ज्या मला कौतुकाने 'वाघ' म्हणायच्या.

बायकोच्या म्हणण्यानुसार आमचं लग्न ठरलं तेव्हा कटाच्या वाट्या तीन होत्या. कन्येच्या बारशाला चार झाल्या. पुढच्या दोन महागाईमुळे वाढल्या असाव्यात.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत गोव्याला जायचं ठरत होतं. अचानक कन्या म्हणाली, "बाबा, गोवा राहू दे. कोल्हापूरला जाऊ. एकदा बघूनच टाकू." तिचा सूर सहलीचा नव्हता, धाडीचा होता. चिरंजीवांनी लगेच मोबाइलमध्ये यादी केली. तिचं नाव 'बाबांचे दावे'. प्रत्येक दाव्यापुढे एक रिकामा चौकोन.

ठाण्याहून पहाटे पाचला निघालो. साताऱ्याच्या पुढे रस्ता रुंद करण्याचं काम चालू होतं. जिकडे पाहावं तिकडे 'वळण रस्ता पुढे आहे'. तो पुढे होताच, आणि त्याच्या पुढे आणखी एक होता. "बाबा, सात तासांत पोचतो म्हणाला होतास," असं कऱ्हाडच्या अलीकडे कन्या म्हणाली तेव्हा नववा तास चालू होता. पहिल्याच चौकोनात फुली पडली.

संध्याकाळी रंकाळा. पाणी तेच, वारा तोच, पलीकडचा शालिनी पॅलेसही तोच. फक्त तलाव लांबला होता. माझ्या आठवणीत तो एका दमात संपायचा. या वेळी मी चार विजेच्या खांबांपर्यंत धावलो आणि मग बुटाची नाडी बांधायला थांबलो. बूट बिननाडीचे होते हे चिरंजीवांनी लक्षात आणून दिलं. विषय बदलायला मी त्यांना रंकाळ्याच्या नंदीची गोष्ट सांगितली. इथला नंदी म्हणे रोज गव्हाएवढा पुढे सरकतो आणि तांदळाएवढा मागे येतो, आणि ज्या दिवशी तो रंकाळ्यात पोचेल त्या दिवशी जगबुडी. चिरंजीवांनी थोडा विचार केला.

"म्हणजे आज आपण हायवेवर होतो तसं."

तिथून गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर. हे मात्र होतं तसंच होतं. भर रस्त्यावर म्हशी उभ्या, समोर धार काढायची आणि फेसासकट पेला हातात द्यायचा. बायको म्हणाली, "उकळलेलं नाही?" गवळ्याने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू तिने म्हशीचं आधार कार्ड मागितलं होतं. मी एका घोटात पेला रिकामा केला. पांढरी मिशी पुसली, यादीत पहिली बरोबरची खूण झाली, आणि रात्री अडीचनंतर मी त्या खुणेची किंमत मोजली. घरात डॉक्टरांच्या सल्ल्याने बिनसायीचं दूध पिणाऱ्या माणसाच्या पोटात एकदम अख्खी म्हैस शिरली होती.

सकाळी अंबाबाईचं दर्शन घेतलं. रांगेत असताना मी किरणोत्सवाची माहिती दिली. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस मावळतीची किरणं गाभाऱ्यात देवीपर्यंत येतात, वगैरे. मागच्या बाईंनी "व्हय, बरोबर सांगाय लागलाय" अशी पावती दिली. अख्ख्या सहलीत माझ्या बाजूने बोललेली ती पहिली आणि शेवटची व्यक्ती.

आता मिसळ.

माझा जुना अड्डा सापडेना. जिथे तो होता तिथे मोबाइलची कव्हरं लटकत होती. पत्ता काढत नव्या जागी पोचलो. जुन्या ठिकाणी बाकं, काळवंडलेली भिंत आणि घामाचा वास होता. इथे एसी आणि भिंतीवर मावळ्यांची चित्रं. बायकोने सवयीने पाव मागितले. "पाव न्हाई वैनी, ब्रेड," पोऱ्या म्हणाला, आणि जाड कापलेल्या स्लाइसची चवड आदळून गेला. मिसळीला पाव असतो असं मानणाऱ्या माणसांबद्दल कोल्हापुरात एक मूक करुणा असते.

मग कट आला. स्टीलच्या छोट्या बादलीत, वर बोटभर लाल तर्री, आणि त्या तर्रीत ट्यूबलाइटचं प्रतिबिंब. पहिला घास जिभेवर थांबलाच नाही, थेट कानात गेला. दोन्ही कानांत शिट्टी वाजल्यासारखं झालं. दुसऱ्या वाटीला टकलावर, जिथे गेली दहा वर्षं काहीही उगवलेलं नाही तिथे, घामाचे दाणे उगवले. समोर चिरंजीव मोबाइल धरून मोजणीला बसलेले. "दोन... बाबा, अडीच म्हणू का?" मी डोळे पुसले. कोल्हापूरच्या आठवणींनी डोळे भरून आले असं सांगायचा विचार होता, पण आवाज निघेना. पाण्याचा ग्लास मी हातात घेतला नाही. टेबलावर ठेवूनच त्यात तोंड घातलं.

या सगळ्या काळात कन्या निवांत खात होती. ही मुलगी लहानपणी वरणात मिरी दिसली तरी भोकाड पसरायची. आता मात्र ती कोरियन नूडल्सवर पोसलेली. तिने एक मिसळ संपवली, दुसरी मागवली, कट वाटीने तोंडाला लावून सुपासारखा प्यायला आणि म्हणाली, "छान आहे. थोडं तिखट चाललं असतं."

पोऱ्या बादली घेऊन जागच्या जागी थांबला. "नाद खुळा!" तो तिला म्हणाला. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात, "काका, दही आणू व्हय?"

दुपारी पन्हाळा. कोल्हापूरपासून जेमतेम वीस किलोमीटर. वाघबीळ आलं तेव्हा मी गाडी जरा जोरात काढली. कुणाच्या लक्षात आलं नाही असं मला वाटलं. वर घाटातल्या चढावर मात्र आमची गाडीच पहिल्या गिअरमध्ये कण्हायला लागली. "इथून सायकल?" बायको म्हणाली. "पाय न टेकता?" मी उत्तर म्हणून १६६० सांगायला घेतलं. सिद्दी जौहरचा वेढा, जुलैमधली पावसाची रात्र, महाराजांचं विशाळगडाकडे निसटणं, पावनखिंडीतले बाजीप्रभू. इतिहास हा माझ्या मदतीला नेहमी धावून येतो, कारण त्यात मी नसतो.

तीन दरवाजा पाहिला, अंधारबाव पाहिली. अंबरखान्याच्या गंगा, यमुना, सरस्वती या कोठारांपैकी एकट्या गंगेत पंचवीस हजार खंडी धान्य मावायचं म्हणतात, हे मी रुबाबात सांगितलं. बायको त्या प्रचंड अंधाऱ्या दालनात मान वर करून बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "आणि निवडायला कोण बसायचं?" आजवर पन्हाळ्यावर मी जी काही व्याख्यानं ऐकली त्यात हा प्रश्न कुणी विचारलेला नाही.

परतताना खासबागेत उतरलो. राजर्षी शाहू महाराजांनी रोमचं कलोसियम पाहून आल्यावर बांधवून घेतलेलं हे कुस्तीचं मैदान १९१२ सालचं. मी त्याबद्दल बरंच बोलणार होतो. पण शेजारीच केशवराव भोसले नाट्यगृह. ऑगस्ट २०२४मध्ये ते आगीत गेलं. तिथे मी सर्वांत स्वस्त तिकिटात, सर्वांत मागच्या रांगेत बसून नाटकं पाहिली होती. तेवढंच सांगितलं. चिरंजीवांनी मोबाइल खिशात ठेवला आणि मला बाटलीतलं पाणी दिलं.

आणि मग काकू.

पोटमाळ्याचं घर पाडून तिथे तीन मजली इमारत झालेली, पण दारात तुळस तीच. काकूंनी ऐंशी ओलांडलेली. चष्म्यातून माझ्याकडे खूप वेळ पाहत राहिल्या. मी नाव सांगितलं, साल सांगितलं, पोटमाळा सांगितला. काही उपयोग नाही. मग त्यांची नजर माझ्या पोटाशी आली, थांबली, आणि चेहरा उजळला.

"आगं बाई! तू त्यो दहीवाला व्हय रं!"

कन्येने हेडफोन काढून पर्समध्ये ठेवले.

"रोज वाटीभर दही मागून न्यायचा बघ," काकू बायकोला सांगू लागल्या. "मिसळ खाऊन आला की परड्यात उकिडवा बसायचा. डोळ्याला ही धार! मग मी गुरगुट्या भात करून द्यायचो. किती वेळा सांगितलो, बाबा, सोसत न्हाई तर खातोस कशाला?"

"आजी 'मी द्यायचो' का म्हणतात?" चिरंजीवांनी कानात विचारलं. इथल्या बायका असंच बोलतात, मी येतो, मी जातो, असं मी समजावलं. विषय बोलीभाषेवर राहील अशी मला आशा होती. पण बायकोने अत्यंत गोड आवाजात विचारलं, "आणि काकू, ते सायकलचं काय हो?"

"सायकल? ती टेम्पोत घालून आणली की! वाघबिळाला पडला न्हवता का ह्यो? गुडघा फोडून घेतला. एका गूळवाल्यानं टेम्पोत घातलं आणि दारात आणून टाकलं. हळद मीच लावलो."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होतो. त्यात एकादशी कधी आहे ते मला अचानक महत्त्वाचं वाटू लागलं.

"तरी बरं," मी शेवटचा प्रयत्न केला, "तुम्ही मला वाघ म्हणायचा, आठवतं काकू?"

"मग! वाघबिळाला पडला म्हणून वाघ! सगळी गल्ली म्हणायची."

बायको इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. काकूंनी मात्र ते पाणी देता देता माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि आत जाऊन, कुणी न मागता, दह्याची वाटी आणली. मी ती सगळी खाल्ली. पोटाला गरजच होती.

रात्री तांबडा-पांढरा झाला. मी पांढऱ्यावर भर दिला आणि कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी चप्पल लाइनीत बायको आणि कन्या दोन तास रमल्या. २०२५मध्ये इटलीतल्या एका बड्या कंपनीने मिलानच्या रॅम्पवर अशाच चपला चढवल्यापासून कन्येला कोल्हापुरी एकदम भारी वाटू लागलीय. आमच्या लहानपणी हीच चीज घरात पायताण म्हणून ओळखली जायची आणि रॅम्पवर न चढता थेट पाठीवर उतरायची. "दोन दिवस चावंल, मग सोडणार न्हाई," दुकानदार म्हणाला. तेल लावून ठेवायलाही सांगितलं. बायकोने डंकावरून किलोभर कांदा-लसूण चटणी घेतली. आता वर्षभर घरातल्या प्रत्येक भाजीवर माझी परीक्षा होणार हे मला तेव्हाच कळलं.

परतीच्या वाटेवर कऱ्हाडच्या पुढे पुन्हा नंदी. गव्हाएवढे पुढे, तांदळाएवढे मागे. कन्या झोपली होती, पायात नव्या चपला तशाच, टाचेला पट्टी. मागे चिरंजीव मित्राशी फोनवर बोलत होते. मी आरशातून ऐकत होतो.

"अरे, पन्हाळा अख्खा चढलो. चालत. हो, खालपासून. ... आणि मिसळ? चार वाट्या कट. पाणी नाही प्यायलो. आईशप्पथ."

या माणसाने मिसळीच्या दुकानात चहा-ब्रेड खाल्ला होता, आणि कटाचा एक थेंब चाखून ताकाचे तीन ग्लास रिचवले होते. पन्हाळ्यावर पार्किंगपासून तीन दरवाजापर्यंत चालायचं म्हटल्यावर त्याने रिक्षा आहे का विचारलं होतं.

"खोटं वाटतं? थांब, बाबांना विचार. बाबांना सगळं माहितीय." मागून मोबाइल माझ्या कानाशी आला. स्पीकर चालू होता. बायकोने वाचत असलेलं मासिक मिटलं आणि माझ्याकडे मान वळवली.

"हॅलो काका? त्याने खरंच चार वाट्या कट प्यायला?"

पुढचा ट्रक एका गव्हाने सरकला. मी गाडी गिअरमध्ये टाकली.

"चार नाही रे," मी म्हणालो. "पाच."