रक्त गोठलं, म्हणून दवाखाना चुकवू नका

सुगी जवळ आली की खानापूर-बेळगावकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. "साप चावल्यास थोडं रक्त काढून कुठल्याही बाटलीत २० मिनिटं ठेवा. गोठलं तर विष नाही, दवाखान्यात जायची गरज नाही. डॉक्टर हीच टेस्ट परत परत करून बिल वाढवतात." परवा तो आमच्या भावकीच्या ग्रुपवर आला. खाली अंगठ्यांची रांग. मी लॅबमध्ये काम करतो, गप्प बसवेना.

टेस्ट खरी आहे, मेसेज म्हणूनच पटतो. पण "कुठल्याही बाटलीत"? शिरेतून काढलेलं दोन-तीन मिली रक्त कोऱ्या, कोरड्या काचेच्या ट्यूबमध्ये घालतात, २० मिनिटं हात लावत नाहीत, मग एकदाच कलती करून बघतात. काचेला लागूनच रक्त गोठायला सुरुवात होते. प्लास्टिकमध्ये किंवा साबणाने धुतलेल्या काचेत ते नीट होत नाही. एका रात्रपाळीला नव्या पोरानं प्लास्टिकची ट्यूब घेतली. रक्त पातळच, बाहेर बायकांची रडारड सुरू. मी काचेत परत घेतलं. २० मिनिटांनी ट्यूब कलती केली, तर काळपट गोळा जागचा हलला नाही.

"गोठलं तर विष नाही" हे तर जीवावर बेतणारं. घोणस आणि फुरशाचं विष रक्त गोठवणारे घटक खर्चून टाकतं, म्हणून रक्त पातळ राहतं. नाग आणि मण्यार यांचा मारा मज्जातंतूंवर. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. दातांची खूण बऱ्याचदा सापडत नाही, फारसं दुखतही नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या उघडेनात, थुंकी गिळवेना. त्या माणसाचं रक्त ट्यूबमध्ये छान गोठेल आणि इकडे श्वास बंद पडत जाईल.

बरं, घोणसच चावली असली तरी पहिली ट्यूब गोठू शकते, कारण विष पसरायला वेळ लागतो. म्हणून टेस्ट परत करायची. विष उतरवायची लस दिल्यावर सहा तासांनी पुन्हा, कारण ते घटक नव्याने तयार करायला यकृताला तेवढा अवधी लागतो. बिल फुगवायचंच असतं, तर कुणी काचेची ट्यूब निवडली नसती; एवढी स्वस्त टेस्ट दवाखान्यात दुसरी सापडणार नाही. थोडासा बिघाड तिच्यातून निसटतो, हे मात्र कबूल. म्हणून लॅब असेल तिथं निळ्या टोपणाच्या ट्यूबमधून पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारी टेस्टही करतात.

हे सगळं ग्रुपवर लिहिल्यावर एका काकांनी विचारलं, "मग घरात काय करायचं रे?"

१०८ लावायचं. चावलेला हात-पाय हलू द्यायचा नाही. दोरी आवळायची नाही, ब्लेड मारायचं नाही. ट्यूब आमच्याकडं आहेत, काका.