मेणवलीचा घाट आणि माझी नऊवारी

ताईच्या मुलीचे साखरपुड्याआधीचे फोटो घरच्या ग्रुपवर आले तेव्हा मी इथे एडिंबरात २२ नंबरच्या बसमध्ये होते. वाईजवळच्या मेणवलीचा घाट, काळ्या दगडाच्या पायऱ्या, खाली कृष्णा, आणि त्या पायऱ्यांवर वाइन रंगाच्या गाऊनमध्ये आमची भाची. गाऊनचा घोळ चार पायऱ्या खाली सोडलेला. शेजारी होणारे जावई सुटात. लीथ वॉकचा रस्ता संपेपर्यंत मी ते फोटो तीनदा पाहिले. पोरगी मनापासून हसत होती.

मी दुपारचा डबा उघडेपर्यंत ग्रुपवर रण माजलं होतं. घाटावर गाऊन शोभतो का? आपल्याला आपलं काही नाही का? कुणी लिहिलं, त्यापेक्षा फोटोच काढू नयेत. आणि मग ताईच्या नणंदबाईंनी माझा फोटो टाकला. २०१४चा, एडिंबरातल्या काल्टन हिल या टेकडीवरचा, हिरव्या नऊवारीतला. खाली ओळ: ‘ही बघा, परदेशात राहून नऊवारीत. आणि आपल्या मुली इथे राहून गाऊनमध्ये.’

त्यावर अकरा जणांनी हात जोडले. मला इतका राग आला की डबा तसाच झाकून ठेवला. माझा फोटो कुणी कुणालाही दाखवावा, माझी हरकत नाही. पण ज्या मुलीला मी न्हाऊमाखू घातलं, तिला टोचायला तो वापरायचा?

आधी ‘आपलं’ या शब्दाचं बघू. ज्या घाटाच्या मानमर्यादेची एवढी काळजी लागली आहे, तो नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा घाट. तिथल्या छोट्या देवळीत जी भलीमोठी घंटा टांगलेली आहे, ती पोर्तुगीजांची. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली तेव्हाची. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली आहे. शाळेच्या सहलीत आम्ही त्या घंटेला हात लावून आलो आहोत. ती घाटावर शोभते, मग चार तासांचा गाऊन का शोभू नये?

आणि नणंदबाई ज्या खणाच्या ब्लाऊजचं कौतुक करतात, तो खण गुळेदगुड्डचा. इरकल इलकलचं. दोन्ही गावं कर्नाटकात. शालू बनारसचा. पैठणी आपली, २०१० पासून तिला भौगोलिक मानांकनही आहे, पण येवल्याच्या मागावर लागणारं रेशीम बहुतेक बंगळुरूकडून येतं आणि जर सुरतेहून. हे सगळं आपलं झालं ते आपल्या बायकांनी नेसून नेसून. आजी सांगायची, तिच्या तरुणपणी काष्टा सोडून गोल पातळ नेसणाऱ्या सुनांना गावात नावं ठेवायचे. त्याच गोल साडीला आज आपण ‘पारंपरिक’ म्हणतो. नावं ठेवणाऱ्या बायका गेल्या, पातळ राहिलं.

इथे स्कॉटलंडमध्ये लग्नाला पुरुष किल्ट, म्हणजे चुण्यांचा गुडघ्यापर्यंतचा घागरा, घालतात. चांगल्या किल्टला आठ वार कापड लागतं, आपल्याहून एकच वार कमी. बहुतेक जण तो भाड्याने आणतात आणि सोमवारी परत करतात, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. १७४६च्या कायद्याने सरकारने हा पोशाखच बंद केला होता, १७८२ मध्ये बंदी उठली. मग १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरात आला तेव्हा कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने सगळ्या शहराला टार्टनमध्ये, म्हणजे किल्टच्या चौकड्यांच्या कापडात, उभं केलं. अमक्या घराण्याचा अमका टार्टन हे जे आज पोरं छातीठोकपणे सांगतात, ते बरंचसं त्यानंतर पक्कं झालं. म्हणजे बंदी घालून पोशाख मेला नाही, आणि थाटाने उभा केला म्हणून खोटाही ठरला नाही. आपल्याकडे काही समाजांच्या बैठकांत प्रीवेडिंग शूट बंद करण्याचे ठराव होतात, ते वाचताना मला हे आठवतं. त्याच ठरावांत हुंडा नको, जेवणावळी आटोपत्या घ्या असंही असतं, आणि त्याला माझा दोन्ही हातांनी पाठिंबा आहे. पण हुंडा आणि मुलीचा गाऊन एका यादीत कसे येतात? एकात मुलीच्या बापाचं घर विकलं जातं. दुसऱ्यात एका मुलीने आरशासमोर स्वतः काहीतरी ठरवलेलं असतं.

माझ्या टीममधल्या मुलीने साखरपुड्याचे फोटो पोर्टोबेलोच्या किनाऱ्यावर काढले. चिखलातले रबरी बूट, जुनं रेनकोट-जॅकेट, कुत्रा. कुणी चकार शब्द काढला नाही. हे मी ग्रुपवर लिहिलंसुद्धा, ‘इकडे असं असतं’ म्हणून. लिहिल्यावर आठवलं की तिची आई त्या फोटोंवरून दोन आठवडे तिच्याशी नीट बोलत नव्हती. ते मी लिहिलं नाही. भाचीची बाजू घेताना मला तेवढंच सोयीचं होतं.

गाऊनबद्दल माझं स्वतःचं मत आहेच, आणि ते मी भाचीला वेगळं, एकटीला कळवलं. तो रंग चुकला. काळ्या दगडापुढे, त्यातही झाडाच्या सावलीत, गडद वाइन बुडून जातो. चेहरा आणि हात तेवढे वर तरंगतात. तिथे हळदी, फिकट गुलाबी, मोतिया असं काही हवं होतं. गर्द झाडीत हिरवा घातला तर त्याची झाक गालावर येते. भर दुपारच्या उन्हात पांढऱ्याचा पोतच दिसत नाही, नुसता डाग दिसतो. बारीक चौकड्यांचा शर्ट कॅमेऱ्यात थरथरल्यासारखा येतो, म्हणून जावईबापूंनी साधा घातला हे चांगलं झालं. जरीकाठ असेल तर फ्लॅश अजिबात नको, सकाळी नाहीतर संध्याकाळी तिरक्या उन्हात उभं राहायचं, मग काठ आपोआप उजळतो. दोघांनी एकाच रंगात नटू नये, काठातला एखादा रंग दुसऱ्याच्या कुर्त्यात आला की पुरे. आणि ओल्या, शेवाळलेल्या पायऱ्यांवर जमिनीवर लोळणारा घोळ नको, त्यात पाय अडकून पडण्याची भीती आहे. माझी एवढीच हरकत. ती ऐकून म्हणाली, ‘मावशी, शूटच्या दुसऱ्या दिवशीसाठी मग काय घालू सांग.’

तिथे मी अडकले. ती ‘काय नेसू’ म्हणाली नाही, ‘काय घालू’ म्हणाली. आपल्या भाषेत साडी नेसतात, गाऊन घालतात, शेला घेतात, फेटा बांधतात. प्रत्येक कापडाचं क्रियापद वेगळं, कारण प्रत्येकात हाताचं काम वेगळं. नेसायला निऱ्या कराव्या लागतात, काष्टा खोचावा लागतो, नऊ वार कापड अंगाशी बोलतं करावं लागतं. घालायचं म्हणजे डोक्यातून किंवा पायातून चढवायचं.

काल्टन हिलवरच्या त्या फोटोत मी नऊवारी नेसलेली नव्हते. घातलेली होती. ती शिवलेली होती. साताऱ्याच्या शिंप्याकडून आईने शिवून घेतली, निऱ्या आधीच पक्क्या, काष्टा टाचलेला, कमरेला हूक. वारा एवढा होता की पदराला सहा पिना लावल्या होत्या आणि आत लोकरीच्या लेगिंग्ज होत्या. आठवडाभर आधी इथल्या रजिस्ट्रारच्या ऑफिसात आमचं लग्न झालं होतं. घरचं कुणी येऊ शकलं नाही. त्या दिवशी मी नेव्ही रंगाचा साधा ड्रेस घातला होता आणि सही करून बाहेर आल्यावर मला काही झाल्यासारखंच वाटलं नाही. म्हणून मग नऊवारी. काल्टन हिलवरच्या अर्धवट राहिलेल्या स्मारकाच्या खांबांपुढे उभी राहिले तेव्हा येणारे जाणारे थांबून बघत होते, आणि मला ते हवं होतं. मी कुठून तरी आले आहे हे कुणाला तरी दिसायला हवं होतं.

साताऱ्यात असताना मी शाळेच्या गॅदरिंगचा कोळीनाच सोडला तर कधी नऊवारीला हात लावला नव्हता. तिथे राहिले असते तर साखरपुड्याच्या फोटोत बहुधा मीही गाऊनच घातला असता. भाची ज्या गावात उठते, ज्या भाषेत भांडते, तिथे तिला हे अंगावर चढवून कुणाला पटवून द्यायची गरज नाही. गरज मला होती.

आईने तो फोटो आजीला मोबाइलवर दाखवला. आजी जन्मभर सुती लुगडं नेसली, त्यातच भांगलण केली, त्यातच चुलीपुढे बसली. तिने फोनवर मला विचारलं, ‘कुणी नेसवलं गं?’ मी म्हणाले, ‘मीच नेसले आजी.’ ती म्हणाली, ‘ओचा बरा आलाय.’ दोन वर्षांनी ती गेली. ती असताना खरं सांगायला जमलं नाही.

संध्याकाळी ट्राममधून उतरल्यावर, समुद्रावरून येणारं धुकं, इथे त्याला ‘हार’ म्हणतात, शहरभर उतरलं होतं तेव्हा, स्टॉपवरच उभी राहून मी ग्रुपवर लिहिलं: ‘तो फोटो काढा. ती नऊवारी शिवलेली आहे, मला नेसता येत नाही. पोरीला माझं उदाहरण देऊ नका.’ नणंदबाईंनी वाचलं, उत्तर दिलं नाही. भाचीने नुसतं ‘मावशी’ लिहिलं.

रात्री ताईचा फोन आला. ग्रुपबद्दल ती काही बोलली नाही. माळ्यावरची पेटी आवरते आहे म्हणाली, आजीची दोन लुगडी निघाली आहेत, एकाचा काठ विरलाय, गोधडीवालीला देऊन टाकू का?

देऊ नकोस म्हणाले, मी येईपर्यंत ठेव. ती म्हणाली, ‘बरं. मला येतं नेसवता, पण तुला शिकायचं असेल तर पंधरा दिवस तरी काढून ये.’