बेचाळीस टक्के व्याजात सुखाने नांदण्याचे उपाय

क्रेडिट कार्ड गळ्यापर्यंत भरलेलं, पगाराच्या खात्यावरचा ओव्हरड्राफ्ट, म्हणजे शिल्लक संपल्यावरही बँक काढू देते ती उधारी, तळाला टेकलेला आणि सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या सवयीवरून मिळणारा स्कोअर, साडेसहाशेच्या खाली? अभिनंदन. बँकेला तुमच्याइतकं लाडकं गिऱ्हाईक दुसरं कुणी नाही. दर महिन्याला पूर्ण बिल भरणारा माणूस बँकेचे पैसे महिना-दीड महिना फुकट वापरतो आणि वर रिवॉर्ड पॉइंट घेऊन जातो. तुमचं तसं नाही. तुम्ही महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला बेचाळीस टक्के व्याज देता, निमूट देता. ही अवस्था वर्षानुवर्षं टिकवायची कशी, त्याचं हे थोडं मार्गदर्शन. फी नाही. जीएसटीही नाही, सध्या तरी.

सगळ्यात आधी ‘मिनिमम ड्यू’वर श्रद्धा ठेवा. बिलावर दोन आकडे असतात. मोठा बघून छातीत धडधडतं, म्हणून बँकेनं माणुसकीनं शेजारी छोटा आकडा छापलेला असतो. समजा लाखाची बाकी आहे. पाच टक्क्यांनी ५,००० भरले की झालं, महिनाभर फोन नाही. त्यातले ३,५०० व्याजाचे, त्या व्याजावर १८ टक्क्यांनी ६३० जीएसटीचे, आणि मुद्दलातून गेले ८७०. म्हणजे पाच हजार मोजूनही डोक्यावर ९९,१३०. घाई कशाला? सावकाश फेडा, मुलांनाही काहीतरी वारसा हवा. दरम्यान कार्डावर किराणा घेत राहा. जुनी बाकी असली की नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, त्यामुळे तांदूळ शिजायच्या आधीच त्यावरचं व्याज शिजायला लागतं.

ओव्हरड्राफ्टची लिमिट ही आपलीच शिल्लक समजावी. ॲपसुद्धा तसंच समजतं: खातं उणे चाळीस हजारांत, आणि ‘उपलब्ध रक्कम’ साठ हजार! पगाराचा मेसेज आला तरी खातं उणेच राहतं, त्यामुळे एक तारखेला उधळपट्टी होण्याचा धोका संपतो.

एका कार्डाचं बिल भरायला दुसऱ्या कार्डावरून एटीएममधून रोख काढा. वर फी, आणि व्याज पहिल्या दिवसापासून. पण एक कार्ड फेडल्याचं समाधान मिळतं ना!

आपला क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या कर्जांचं प्रगतिपुस्तक, बघू नका. वर्षातून एकदा फुकट मिळतो, आणि फुकट मिळतं त्यावर आपला विश्वास नसतो.

घरात लग्नाचं कुणी असेल तर मात्र बघा. २०२५ मध्ये मूर्तिजापूरला मुलीच्या मामांनी मुलाचं सिबिल तपासलं आणि जुळत आलेलं लग्न मोडलं, अशी बातमी सगळ्या ग्रुपांवर फिरली होती. पत्रिकेतल्या मंगळाची निदान शांत तरी करता येते. सिबिलची शांत करणारेही निघालेत म्हणा, ‘तीन दिवसांत ७५० प्लस, ॲडव्हान्स पाठवा’. ॲडव्हान्स पाठवा, बिनधास्त. इतक्या ठिकाणी जातायत, अजून एक.

आता मुख्य सल्ला. महागडं कर्ज फेडायला स्वस्त कर्ज हवं असेल तर थेट आपल्या बँकेच्या शाखेत जा. मी नुकताच जाऊन आलोय, म्हणून आग्रहानं सांगतो. वडिलांच्या ऑपरेशनचं बिल कार्डावर गेलं होतं. मेडिक्लेमवाल्यांनी जे करायचं ते केलं. बाकी तीन लाखांची. मी घरून हिशोब मांडून गेलो होतो: वर्षाला १६ टक्क्यांनी तीन वर्षांचं पर्सनल लोन द्या, त्यातून कार्ड एकरकमी फेडतो. हप्ता बसतो साधारण साडेदहा हजार.

साहेबांनी स्क्रीन बघितली. “सर, तुमचं सिबिल लो आहे. सिस्टीमच पुढे घेत नाही.”

“अहो, पण कार्ड तुमच्याच बँकेचं आहे. एक हप्ता चुकलेला नाही माझा.”

“हो सर, पण लिमिटच्या नव्वद टक्के वापरलंय ना. सिस्टीमला ते रिस्की वाटतं.”

“मग याच रिस्की माणसाकडून कार्डावर ४२ टक्के कसे चालतात?”

“ते कार्ड डिपार्टमेंट वेगळं आहे सर.”

ऐकलंत? महिन्याला साडेदहा हजारांचा हप्ता या माणसाला झेपणार नाही, असं सिस्टीमला वाटतं. तीन लाखांवर महिन्याला १०,५०० व्याज आणि १,८९० जीएसटी, म्हणजे १२,३९० रुपये मी आजही भरतोय, तेही मुद्दल जागचं न हलता, ते सिस्टीमला झेपलेले दिसतात! साडेदहा भरून तीन वर्षांत मोकळा होईन ही रिस्क, आणि बारा हजार भरून जन्मभर अडकून राहीन ही गुंतवणूक. बरं, नाही म्हणाले ते म्हणाले, त्या अर्जाची ‘एन्क्वायरी’ म्हणून नोंद झाली आणि आधीच लंगडणारा स्कोअर आणखी खाली गेला. औषध मागितलं म्हणून ताप वाढवून दिला. आणि संध्याकाळी त्याच बँकेचा फोन! “अभिनंदन सर, आपल्या कार्डाची लिमिट वाढवण्यासाठी आपण प्री-अप्रूव्ह्ड आहात.” मुलगी बिचारी गोड बोलत होती, तिलाही टार्गेट असणार. मी विचारलं, सकाळी तुमच्याच शाखेनं मला नालायक ठरवलंय, हे तुम्हाला माहीत आहे का? ती म्हणाली, “सर, त्याची माहिती आमच्याकडे नसते.” नसतेच! माझ्या अठरापगड कर्जांची कुंडली देशातल्या चारही क्रेडिट ब्युरोंकडे, म्हणजे कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांकडे आहे, आणि एकाच बँकेच्या दोन टेबलांमध्ये माहिती जात नाही.

महाराष्ट्रात परवाना असलेल्या सावकारानं बिगरशेतकऱ्याला विनातारण कर्ज दिलं तर वर्षाला १८ टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही. सावकाराला! ज्याच्या नावानं आपण दीडशे वर्षं बोटं मोडतोय त्याला. कार्डाला ही मर्यादा नाही. २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगानं म्हटलं होतं की वर्षाला ३० टक्क्यांच्या वर व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बँका सुप्रीम कोर्टात गेल्या, आणि डिसेंबर २०२४ मध्ये तो आदेश रद्द झाला. शेतकऱ्याला पीककर्ज देताना सिबिल मागू नका असं आपले मुख्यमंत्री खरिपाच्या बैठकीत बँकांना बजावतात, बँका माना डोलावतात आणि परत जाऊन सिबिल मागतात. तिथं तुमची-आमची काय कथा.

हां, सल्ले चालले होते. वसुलीवाल्याला घाबरत राहा, हा पुढचा. त्यानं सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या नंतर फोन करायचा नाही असं रिझर्व्ह बँकेनं सांगितलेलं आहे, पण त्याला हे ऐकवून उगाच दुखावू नका. तो ‘सेटलमेंट’ म्हणेल. चाळीस टक्के भरा, विषय संपला, सिबिल क्लीन. भरा. रिपोर्टवर खातं ‘क्लोज्ड’ नाही तर ‘सेटल्ड’ म्हणून लागेल, आणि पुढची कित्येक वर्षं प्रत्येक बँक त्या शब्दाकडे बघून तुम्हाला पाणी विचारेल, कर्ज नाही. लेखी पत्र वगैरे मागू नका, विश्वास म्हणून काही असतं.

आणि जुनं कार्ड बंद केलं की ते बंद झालं असं समजून चाला. माझं एक ‘लाइफटाइम फ्री’ होतं. बंद करून वर्षं झाली. परवा रिपोर्ट काढला तर त्यावर वार्षिक फी ४९९ अधिक जीएसटी, थकीत, थकीत, थकीत. एका फोनचं सौजन्य नाही. ‘एक दाबा, दोन दाबा’ करत कस्टमर केअरला जो माणूस लागतो त्याला माझ्या नावावर कार्डच दिसत नाही. ब्युरोला ते लख्ख दिसतं. कार्ड बंद करायला सांगितल्यावर, बाकी काही नसेल तर, कामाच्या सात दिवसांत बंद करायचं, नाहीतर ग्राहकाला दिवसाला ५०० रुपये द्यायचे, असा नियम आहे. चुकीच्या नोंदीची तक्रार ३० दिवसांत मिटली नाही तर दिवसाला १०० रुपये, असाही आहे. आपण मागत नाही म्हणून ते देत नाहीत. आपण काय करतो? ‘जाऊ दे ना, पाचशे रुपयांसाठी कुठं भांडायचं’ म्हणतो. त्या पाचशेनं स्कोअर खाल्ला आपला!

पुरे आता. टोमणे मारायचा कंटाळा आला, सरळच बोलतो.

बँक काय करते ते दिसतंय. पण तुम्ही काय करताय? कार्डावर ४२ टक्के भरताय आणि लाखाची एफडी सात टक्क्यांवर कुरवाळत बसलाय. का, तर ‘अडीअडचणीला असावी’. ही अडचणच आहे, अजून कसली अडचण हवीय? एफडी वर्षाला सात हजार देणार, आणि तेवढ्याच रकमेवर कार्ड जीएसटी धरून ४९ हजारांच्या वर खाणार. मोडा ती. मोडवत नसेल तर तिच्यावरच ओव्हरड्राफ्ट घ्या, एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त पडतात आणि सिबिलची फारशी कटकट नसते. एफडी नाही? लॉकरमध्ये पाटल्या आहेत ना? सोनेतारण घ्यायला गेलात तर राष्ट्रीयीकृत बँक साधारण दहा टक्क्यांच्या आसपास देते, आणि सोनं बघते, तुमचा स्कोअर नंतर. पण नाही! सोनं गहाण टाकलं तर सासरचे काय म्हणतील. मेहुण्याच्या लग्नात बायकोच्या हातात काय दिसेल. पाटल्या बँकेत ठेवायची लाज वाटते, आणि महिन्याला बारा हजार गटारात ओतायची वाटत नाही? बायकोला तरी सांगितलंय का, की बाकी किती आहे? नाही ना. बिलाचा मेसेज आला की फोन पालथा घालून ठेवता. तिला कळत नाही असं वाटतं तुम्हाला?

सांगा घरी, आज. आणि उद्या सकाळी दोघं मिळून जा सोनं घेऊन. पैसे हातात आले की आधी कार्ड भरायचं, टीव्ही नाही. कार्ड भरल्यावर ते बंद झाल्याचं लेखी घ्या. तारणाचे हप्ते थकवले तर सोन्याचा लिलाव होतो, तेव्हा तिथं मिनिमम-बिनिमम चालणार नाही. आणि पाटल्या डोळ्यांसमोर तोलून घ्या, पावतीवर ग्रॅम आणि कॅरेट लिहून घ्या. तिथंही सगळे देवच बसलेले आहेत असं नाही.