हाइड काढली की साप माणसाळतो म्हणे!

बॉल पायथन हा छोटा अजगर पाळणाऱ्या मंडळींमध्ये एक सल्ला कायम फिरत असतो. सापाला लपायला जागा दिली की तो बुजराच राहतो, टँकमधली हाइड, म्हणजे लपायचा आडोसा, काढून टाका, आठवड्यात सरावतो. ठेवायचीच तर एक ठेवा, ऐसपैस. दगड-विटा रचून केली तर फुकटात होते आणि नैसर्गिकही दिसते. मुंबईत दमटपणा आहेच, ओलाव्याची वेगळी सोय कशाला? शिवाय साप सतत नजरेसमोर राहतो, हरवत नाही. असं बरंच काही. यातलं एकही विधान धड टिकत नाही.

आधी बुजरेपणाचं बघू. बॉल पायथन मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. तिथे तो दिवसा उंदरांच्या बिळांत, वाळवीच्या वारुळांत पडून असतो आणि अंधार पडला की बाहेर निघतो. म्हणजे लपणं ही मोडायची खोड नव्हे, त्याचा रोजचा दिनक्रम आहे. हाइड काढल्यावर त्याला उरतात चारी बाजूंनी काचा, डोक्यावर ट्यूबलाइट आणि समोरून ये-जा करणारी माणसं. मग तो कोपऱ्यात वेटोळं घट्ट आवळतो, डोकं मधोमध खुपसतो आणि हलत नाही. मालक फोटो टाकतो, ‘बघा, कसा शांत झालाय!’ शांत कसला, भीतीनं गोठलाय.

काही साप उलट वागतात. रात्रभर काचेला नाक घासत फेऱ्या मारतात. नाकाच्या टोकाचा खवला आधी पांढुरका पडतो, मग सोलवटतो, खालची लाल कातडी दिसू लागते. तिथे संसर्ग झाला की तोंडापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. आणि खाणं सुटतं. बॉल पायथन तसाही खाण्याच्या बाबतीत नखरेल, महिनोनमहिने उपाशी राहू शकतो. मालक उंदराचा आकार बदलून बघतात, वेळ बदलून बघतात, हाइड परत ठेवायचं मात्र सुचत नाही.

हाताळणीची सवय होते, हे खरं. ती होते थोडा थोडा वेळ, पण नेमानं हाताळल्यानं, आणि खाल्ल्यावर दोन दिवस हात न लावल्यानं. साप बाहेर काढताना हाइड उचलून बाजूला ठेवायची आणि मग त्याला खालून हात द्यायचा. शेपटीला धरून ओढून काढलंत तर बुजरेपणाचं खापर हाइडवर फोडू नका. परतायला हक्काची जागा आहे म्हटल्यावर साप जास्त वेळा बाहेर येतो, कमी वेळा नाही.

‘ऐसपैस’ हा शब्द माणसाच्या डोक्यातला आहे. सापाला हवी असते अंगाला अंग लागेल अशी जागा. वेटोळं केल्यावर पाठ छताला आणि कुशी भिंतींना टेकली पाहिजे. साप वाढला की हाइड बदलायची. आणि एक नव्हे, दोन हव्यात, शक्यतो सारख्याच, एक उबदार टोकाला, दुसरी थंड टोकाला. एकच असेल तर ऊब की आडोसा, अशी निवड सापाला करावी लागते आणि बहुतेकदा तो आडोसा निवडतो. मग उबेअभावी पचन बिघडतं.

उबदार टोकाला ३१-३२ अंश, थंड टोकाला २५ ते २७, असा साधारण हिशेब. आपल्याकडे खरी अडचण थंड टोकाची. मे महिन्यात पारा ३३-३४ वर आणि रात्रीही २७ च्या खाली जेमतेम. त्या दिवसांत हीट मॅट (टँकला ऊब देणारी विजेची चटई) बंदच बरी. बाकीच्या वेळी ती तापमान आवरणाऱ्या थर्मोस्टॅटशिवाय लावू नये, कारण चटका बसेपर्यंत साप हलेलच याचा भरवसा नसतो.

आता दगड-विटा, माझ्या मते या सल्ल्यातला सगळ्यात घातक भाग. साप कडेनं उकरतो, खाली शिरतो, रचलेला ढीग सरकतो आणि साप त्याखाली दबतो. जड वस्तू आधी टँकच्या तळावर टेकवायची, सबस्ट्रेट (तळाला अंथरायचा भुसा वगैरे) नंतर भोवती पसरायचा. दगड जोडायचेच तर अ‍ॅक्वेरियमच्या सिलिकॉननं, व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत थांबून. चिकटपट्टी टँकच्या आत कुठेही नको. ती खवल्यांना चिकटली आणि ओढली की कातडी सोलून येते. चिकटलीच तर खाद्यतेल लावून सावकाश सोडवायची.

स्वस्तात करायचं तर धारावीचा कुंभारवाडा आहे की! साधी बिनरंगाची मातीची कुंडी घ्या, रात्रभर पाण्यात भिजवा म्हणजे कापताना तडकत नाही आणि धूळही कमी उडते. काठाला दाराएवढी खाच पाडा, कडा पॉलिश पेपरनं घासा, बोटाला लागेनाशा होईपर्यंत. मग कुंडी उपडी ठेवा. दार सापाच्या सर्वात जाड भागापेक्षा मोठं हवं, तेही पोट भरलेलं असतानाच्या. तळाचं पाणी निथळायचं भोक लोक हमखास विसरतात. साप त्यात डोकं घालतो, अंग अडकतं, खवल्यांमुळे मागे सरता येत नाही. ते भोक आधीच पक्कं बुजवा. देवदारासारख्या उग्र वासाच्या लाकडाची हाइड नको, त्यातलं तेल सापाला बाधतं.

दमटपणाचं म्हणाल तर जुलैत ठीक, पण टँक एसीच्या खोलीत असेल तर हवा कोरडीच. मग कात तुकड्यातुकड्यांनी निघते, डोळ्यांवर अडकून राहते. झाकणाच्या अपारदर्शक डब्याला भोक पाडून आत भिजवून घट्ट पिळलेलं स्फॅग्नम मॉस (ओलावा धरून ठेवणारं शेवाळ) ठेवलं की काम होतं. पावसाळ्यात ते काढा, नाहीतर बुरशी येते आणि पोटाचे खवले सडतात.

राहिलं हरवणं. आडोसा नसलेला सापच रात्रभर झाकण ढकलत बसतो. क्लिपा लावा. तरीही निसटला तर आधी फ्रिजमागे, वॉशिंग मशीनखाली, सोफ्याच्या आत बघा. मोरीची जाळी तर आजच तपासा. तो शेजाऱ्यांच्या घरात निघाला आणि सर्पमित्र आले, तर कागद मागितले जातील. बॉल पायथन साइट्स (CITES) या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांप्रमाणे त्याची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. ‘त्यापेक्षा धामण पाळा’ म्हणणाऱ्यांचं तर ऐकूच नका. आपल्याकडचे साप घरात ठेवणं हा १९७२ च्या त्याच कायद्याखाली गुन्हा आहे, मग टँकमध्ये कितीही चांगली हाइड असो. असा साप घरात आला तर वनविभागाचा १९२६ हा नंबर फिरवा.