‘स्राव’मध्ये स्त्री नाही

पालकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. दोन दिवसांत तो मला तीन जणांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: खरा शब्द ‘स्त्राव’, तो ‘स्त्री’वरून आला, शरीरातली अशुद्धी बाहेर टाकायची सोय निसर्गाने स्त्रीला दिली म्हणून हे नाव, ‘स्राव’ हा त्याचा अपभ्रंश, बोलताना त स्पष्ट ऐकू येतो, हा पुरावा, आणि शिवाय सगळे तसंच लिहितात. मी आठवी ते दहावीला जीवशास्त्र शिकवते. माझ्या वर्गातल्या मुली हा मेसेज घरी वाचतायत, म्हणून उत्तर लिहिते आहे.

‘शब्द स्त्रीवरून आला’ हे चूक आहे. मूळ धातू स्रु, म्हणजे वाहणे, पाझरणे. स्रवणे, स्रोत, प्रस्रवण ही सगळी त्याच घरातली. ‘स्त्री’ हा शब्द परंपरेने स्त्यै या निराळ्या धातूवरून साधतात; यास्कानेही निरुक्त या शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथात तोच धातू दिला आहे. सुश्रुतसंहितेत कान वाहतो त्या रोगाचं नाव कर्णस्राव आहे, आणि तो बाईला होतो तसाच पुरुषालाही होतो.

‘स्राव हा अपभ्रंश’ या दाव्याला खरं उत्तर प्राकृताकडे आहे, आणि ते मला फार आवडतं. संस्कृत शब्दात स्त्र असेल तर पाली-प्राकृतात त्याची खूण उरते: वस्त्राचं वत्थ, शस्त्राचं सत्थ, स्त्रीचं इत्थी. आपल्या जुन्या मराठीतल्या ‘अस्तुरी’तही तो त टिकून आहे. आता स्र असलेले शब्द बघा. सहस्राचं सहस्स झालं, आस्रवाचं आसव, स्रोताचं सोत. बौद्ध वाचकांना ‘सोतापन्न’ हा शब्द ओळखीचा असेल. प्रवाहाला लागलेला, असा त्याचा अर्थ. यांत त-थचा मागमूस नाही. मुळात त असता तर दोन हजार वर्षांपूर्वीच्या बोलणाऱ्यांच्या तोंडून तो असा नाहीसा झाला नसता. आणि सहस्राचा फारसी भाऊ तर आपण रोज बाजारात वापरतो: हजार. त्यातही त नाही.

‘त ऐकू येतो’ हे मात्र खरं आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. स्वतः करून बघा. स म्हणताना जीभ दातांजवळ असते आणि फटीतून हवा सुटत राहते. तिथून र कडे जाताना जीभ क्षणभर वर टेकते, हवा अडते आणि सुटते. ते अडून सुटणं कानाला त सारखं लागतं. म्हणून सहस्रचं ‘सहस्त्र’, हिंस्रचं ‘हिंस्त्र’, अजस्रचं ‘अजस्त्र’ होतं. यात आपण एकटे नाही. स्रु याच कुळातला इंग्रजी शब्द स्ट्रीम. त्यातला ट असाच मागाहून शिरला. ग्रीकमध्ये याच कुळातून ‘वाहणे’ या अर्थाचं क्रियापद आलं, त्यावरून डायरिया, आणि तिथेही त नाही. म्हणजे ऐकू येणारा त जिभेच्या वाटेत तयार होतो, शब्दाच्या मुळात तो नव्हता. बोलताना येतो तर येऊ द्या. पण तत्सम शब्द मुळाबरहुकूम लिहायचे ही मराठीची रीत आहे, आणि त्या त वरून व्युत्पत्ती रचता येत नाही.

आता ‘अशुद्धी’. मला सगळ्यात जास्त राग याच मुद्द्याचा आहे. शरीराला नको असलेलं बाहेर टाकणं म्हणजे उत्सर्जन. मूत्र त्यात येतं. स्राव म्हणजे ग्रंथीने किंवा पेशीने मुद्दाम तयार करून सोडलेला, कामाचा पदार्थ. लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस, आतड्यांचा रस असे मिळून रोज सुमारे 7 लिटर पचनमार्गात उतरतात आणि त्यातलं बहुतेक पाणी शरीर परत शोषून घेतं. घाण कुणी अशी परत घेतं का? अलेक्झांडर फ्लेमिंग यांना 1921 साली जिवाणूंना विरघळवणारं लायसोझाइम सापडलं ते नाकाच्या शेंबडात. अश्रूंतही ते असतं. त्याआधी 1902 मध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी आतड्याच्या अस्तरातून निघून रक्तावाटे स्वादुपिंडाला जागं करणारं सिक्रेटिन शोधलं आणि 1905 मध्ये स्टार्लिंग यांनी अशा पदार्थांसाठी हार्मोन हा शब्द वापरला. आपण त्याला संप्रेरक म्हणतो. हे अंतःस्राव शरीराबाहेर येतच नाहीत, मग ते कसली अशुद्धी बाहेर टाकणार?

मासिक पाळीबद्दलही हेच. पाळीत जातं ते रक्त आणि गर्भाशयाचं अस्तर. गर्भ राहिला तर त्याला आधार मिळावा म्हणून ते दर महिन्याला नव्याने तयार होतं, गर्भ राहिला नाही की सुटतं. ग्रंथीचा रस नसला तरी वाहतो म्हणून त्यालाही स्राव म्हणतात. त्यात साठलेली घाण नसते. अंगावरून थोडं पांढरं जाणंही बहुतेक वेळा योनीची नेहमीची स्वच्छता असते; वास, खाज किंवा रंगात बदल असेल तर डॉक्टरांना दाखवायचं. गेल्या वर्षी नववीतली एक मुलगी तास संपल्यावर थांबली आणि खाली बघत विचारलं, “बाई, ते घाणच असतं ना?” तिला मी फळ्यावर गर्भाशयाची आकृती काढून अस्तर दाखवलं.

‘सगळे तसंच लिहितात’ या शेवटच्या मुद्द्यावर फार बोलायला नको. सगळे ‘सहस्त्र’ही लिहितात. मी उत्तरपत्रिकेत ‘स्त्राव’ दिसला की मार्क कापत नाही, त वर लाल रेघ मारते आणि बाजूला ‘स्रु – वाहणे’ एवढं लिहून ठेवते.