समजले नाही, हे फोनला कोण सांगणार?

सोलापुरातल्या कन्ना चौकाच्या अलीकडे, चहाच्या गाडीला लागून असलेल्या बुटक्या कट्ट्यावर आम्ही चौघे गेली कित्येक वर्षे रात्री नऊनंतर जमतो. परवा विषय निघाला तो अण्णांच्या मुलीमुळे. ती सहावीत आहे. अपूर्णांक तिच्या डोक्यात शिरत नाहीत, म्हणून मोबाइलवरची वर्षभराची शिकवणी घ्यावी का, असे अण्णांनी विचारले. अण्णा यंत्रमागावर टॉवेल विणतात आणि त्या शिकवणीचे शुल्क म्हणजे त्यांची जवळजवळ दोन महिन्यांची मजुरी.

आमच्यातला सर्वांत धाकटा संगणक अभियंता आहे. तो म्हणाला, “अण्णा, एक रुपयाही देऊ नका. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड फोनने टिपला की दीक्षा या सरकारी अ‍ॅपवर तो धडा फुकट उघडतो. एकदा उतरवून ठेवला की पुन्हा इंटरनेटही लागत नाही.” त्याचा हा विश्वास स्वतःच्या अनुभवातून आलेला आहे. महाविद्यालयात जो विषय त्याला कळला नाही, तो त्याने एनपीटीईएलच्या ऑनलाइन व्याख्यानांवरून शिकून घेतला. आयआयटी आणि बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांचा हा उपक्रम २००३ मध्ये सुरू झाला, आणि ज्या प्राध्यापकांच्या वर्गात बसण्याची संधी आमच्या शहराच्या पूर्व भागातल्या मुलाला कधीच मिळाली नसती, त्यांना तो रात्री दोन वाजता थांबवून, मागे नेऊन, चार-चार वेळा ऐकत असे.

महापालिकेच्या शाळेत शिकवणारे आमचे मास्तर इतका वेळ शांत होते. ते म्हणाले, “तू अठरा वर्षांचा होतास आणि आपल्याला काय कळले नाही, हे तुला नेमके ठाऊक होते. अकरा वर्षांच्या मुलीला तेच ठाऊक नसते. छेद समान का करायचे, हे तिला समजलेले नाही, पण तिला वाटते की आपल्याला बेरीजच येत नाही. वर्गात मी तिच्या वहीत डोकावतो तेव्हा ती कुठे अडली, हे मला एका ओळीत दिसते. ते फोनला कोण सांगणार?”

मग मास्तरांनी टाळेबंदीचे दिवस आठवले. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि राज्यात पहिली ते चौथीचे वर्ग प्रत्यक्ष भरायला डिसेंबर २०२१ उजाडला. त्यांच्या वर्गातल्या बहुतेक घरांत एकच फोन होता. तो दिवसा वडिलांबरोबर कारखान्यात जाई आणि रात्री घरी येई तेव्हा त्यातला रिचार्ज संपलेला असे. आई बिड्या वळत बसलेली, दोन भावंडांचे वर्ग एकाच वेळी. परत आलेली काही मुले जोडाक्षरे विसरली होती, हे सांगताना मास्तरांचा आवाज अजूनही जड होतो.

धाकट्याने हे नाकारले नाही. मात्र तो म्हणाला की ती अडचण फोन नसण्याची होती आणि आता घरोघरी फोन आले आहेत. त्यावर मी ग्रामीण शिक्षणाच्या २०२४ च्या ‘असर’ पाहणीचा दाखला दिला. देशाच्या ग्रामीण भागातील चौदा ते सोळा वर्षांच्या ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के होते. तेव्हा फोन हातात येणे आणि त्यातून शिकणे यांत अजून बरेच अंतर आहे.

“मग आपल्याच जिल्ह्यातल्या डिसले गुरुजींचे काय?” धाकट्याने विचारले. प्रश्न योग्यच होता. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांत क्यूआर कोड आणले, आणि २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. मला वाटते, ही गोष्ट सांगताना आपण तिचा पूर्वार्ध गाळतो. मुलांची घरची भाषा कन्नड आहे, हे पाहून गुरुजी आधी कन्नड शिकले आणि त्यांनी पुस्तके त्या भाषेत आणली. समोरच्या मुलाला काय कळत नाही, हे ओळखणारा माणूस तिथे होता, म्हणूनच त्या चौकोनी ठिपक्यांमागे ऐकण्याजोगे काही भरले गेले. जिथे एकाच गल्लीत तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी बोलली जाते, त्या सोलापुराला हे वेगळे सांगायला नको.

अण्णा इतका वेळ ऐकत होते. ते म्हणाले, “मी तेलुगू माध्यमातून सातवी झालो. पोरगी ‘लसावि’ म्हणते तेव्हा मला तो शब्दच कळत नाही. फोनमधला माणूस छान सांगतो, पण ती वळून मलाच विचारते.”

शिकवणी घेऊ नये, यावर मग कोणाचेच दुमत राहिले नाही. धाकट्याने दीक्षावरचे अपूर्णांकाचे धडे अण्णांच्या फोनवर तिथेच उतरवून दिले आणि रविवारी सकाळी मुलीजवळ बसण्याचे कबूल केले. मास्तरांनी त्याला बजावले की व्हिडिओ आधी लावू नकोस, आधी तिला एक भाकरी तिघांत वाटायला सांग, मग अर्ध्या भाकरीचे तीन भाग करायला सांग, आणि ती कुठे थांबते ते पाहा. अण्णांची रात्रपाळी होती. फोन खिशात ठेवून ते उठले, आणि जाता जाता त्यांनी विचारले की भाकरी ज्वारीचीच हवी का, की चपाती चालेल. मास्तर म्हणाले, “चपाती चालेल. नीट दुमडता येते.”